सहभागी क्रमांक एक

"असली माणसं असतात तरी कुठं गं?" असं म्हणून मरकड सर इतक्या जोरात हसले, की बशीतला चहा लुंगीवर सांडला.

"काय झालं?" स्वयंपाकघरातून रेश्माताईंचा आवाज आला.

"अगं, एक पेपर आलाय तपासायला. ऐक. 'सहभागी क्रमांक एक हा पन्नाशीचा, उच्चशिक्षित पुरुष आहे. पाण्याचा तांब्या हाताशी असला, तरी पाणी मागण्यासाठी तो दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारतो.' बघ की! तांब्या शेजारी आणि हाक दुसऱ्या खोलीत! बरं, ते फडकं आण आधी, लुंगी भिजली."

फडकं सरांच्याच खुर्चीच्या पाठीवर वाळत होतं. रेश्माताई बाहेर आल्या, त्यांनी ते उचलून नवऱ्याच्या हातात दिलं आणि तोंडावरची रेषही न हलवता विचारलं, "मग काय करायचं म्हणता अशा माणसाचं?"

"झोडपायचं! पेपर कुणी लिहिलाय कोण जाणे, पण भाषा झकास आहे. हा बाबा मात्र... ह्याला म्हणे रोज गोष्टी वाचून दाखवून सुधारायचंय. काय होणार, कप्पाळ? ह्याला उपचार नको, शिक्षा पाहिजे."

"लिहा की तसं," रेश्माताई म्हणाल्या आणि कुकर लावायला आत गेल्या.

रंगनाथ मरकड म्हणजे शेवगावातल्या एका कॉलेजचे मराठीचे विभागप्रमुख. विभागात त्यांना धरून माणसं दोन, त्यामुळे प्रमुख असल्याचा रुबाब दाखवायला एकच गिऱ्हाईक. ती कसर 'अक्षरपथ्य'नं भरून काढली होती. 'अक्षरपथ्य' हे नगरहून निघणारं त्रैमासिक. साहित्याचा शिक्षणात आणि उपचारात काय उपयोग होतो, गोष्ट ऐकून माणसाचा राग कसा उतरतो, कविता ऐकून झोप कशी लागते, अशा विषयांवरचे शोधनिबंध त्यात येतात. (झोप कवितेच्या तासालाही लागते, पण तिला उपचार म्हणत नाहीत.) संपादिका डॉ. स्टेला भालेराव. कॉलेजातून निवृत्त झाल्या तरी शिस्तीतून निवृत्त न झालेल्या बाई. त्यांनी सरांना परीक्षक नेमलं, तेव्हापासून सरांची मान दोन बोटं वर गेली होती. ह्या कामाचा नियम असा, की लेखकाचं नाव परीक्षकाला कळू द्यायचं नाही आणि परीक्षकाचं लेखकाला. सगळं अगदी गुप्त. हे गुप्त असतं, असं सरांनी भाजीवाल्यालासुद्धा सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर पेपर घेऊन थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये. प्राचार्य काकासाहेब कोलते म्हणजे कॉलेजचा दरारा. त्यांच्या खाकरण्यावर शिपाई उभे राहायचे आणि खाकरणं संपल्यावर बसायचे.

"सर, एक गंमत दाखवतो. गुप्त आहे, पण तुमच्यापासून काय लपवायचं?"

प्राचार्यांनी दोन ओळी वाचल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खण उघडून त्यांनी हुबेहूब तोच पेपर टेबलावर टाकला.

"मरकड, हा माझ्याकडंही आलाय. दुसरा परीक्षक मीच."

झालं! दार लावून दोघं वाचायला बसले. 'सहभागी मोबाईलवर बोलता बोलता मोबाईल शोधतो आणि न सापडल्यास घरातल्या सर्वांची उलटतपासणी घेतो.' 'भाजीत मीठ बरोबर असेल तर तो काही बोलत नाही. कमी असेल तर व्याख्यान देतो.' मरकड सर टेबलावर हात आपटून हसत होते. प्राचार्यही हसले, पण जरा उशिरा.

"ह्याला सोडायचं नाही, मरकड," प्राचार्य म्हणाले. "मी तर लिहिणार आहे, ह्याला भांडी घासायला लावा. रोज. दोन्ही वेळची."

"उत्तम! तुम्ही भांडी सांगा, मी झाडू सांगतो."

त्या आनंदात सर घरी आले आणि राहिलेली पानं वाचायला घेतली. चौथ्या पानावर लिहिलं होतं, 'सहभागी चूक कबूल करू शकत नाही. एकदा तो सासूसाठी शेळी पाहायला घोडेगावच्या बाजारात गेला. दलालाने सौद्यासाठी टॉवेलाखाली हात पुढे केला. सहभागीने तो मोठ्या आपुलकीने दाबून हलवला आणि म्हैस विकत घेऊन आला. म्हैस घ्यायची हे आपले आधीपासूनच ठरले होते, असे तो आजतागायत सांगतो.'

सरांचं हसू ओठांवरच्या ओठांवर वाळलं.

जगाच्या पाठीवर पाण्याला हाका मारणारे पुरुष लाखो असतील. मोबाईल शोधणारे त्याहून जास्त. पण टॉवेलाखाली बोटांनी भाव ठरवायच्या बाजारात शेकहँड करून म्हैस घेणारा इसम आजवर एकच झाला, आणि तो ह्या क्षणी लुंगी सावरत खुर्चीत बसला होता. त्या दिवशीचा सगळा प्रसंग त्यांच्या डोळ्यांपुढे आला. दलाल म्हशीचा आहे आणि त्याला बोटं दाबून आकडा सांगायचा असतो, हे ह्यांना ठाऊक नव्हतं. माणूस प्रेमानं हात देतोय म्हणून ह्यांनी चारही बोटं धरून गदागदा हलवली. भोवतीची माणसं "झाला सौदा, झाला सौदा" म्हणून मोकळी झाली. भर बाजारात माघार कशी घ्यायची? प्राध्यापक ना आपण! टेम्पोतनं म्हैस दारात उतरली, तेव्हा सासूबाई मुक्ताबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या होत्या, "जावायबापू, म्या शेळी सांगितल्ती वो. ही तं दारातून आत बी यायची न्हाई!"

आता कुठं एकेक कडी जुळायला लागली. गेल्या दिवाळीपासून रेश्मा जेवताना रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवायची. शाळेच्या गॅदरिंगची तयारी चालली असेल, असं सरांना वाटलं होतं. ती मुलींच्या शाळेत शिकवत होती, वर पीएच.डी. करत होती. विषय शिक्षणशास्त्रातला काहीतरी होता. काय ते सरांनी कधी विचारलंच नव्हतं.

"रेश्मा!" सर गरजले.

"काय हो?"

पण आता बोलणार काय? 'हा सहभागी मी आहे' असं म्हणायचं, तर तांब्या, मोबाईल, मीठ आणि म्हैस सगळंच पदरात घ्यावं लागणार. शिवाय ज्याला शिक्षा करा म्हणून आपण गावभर हसलो, तो आपणच! बरं, पेपर आपण हिलाच वाचून दाखवला. पण ती कुकरच्या नादात होती. एरवीही आपलं बोलणं ती मनावर घेते कुठं? कळलं नसणार तिला. सरांनी स्वतःची अशी छान समजूत घातली.

"काही नाही. पाणी दे."

तांब्या कुठं होता, हे सांगायची गरज नाही.

पेपर नाकारायचा, एवढं सरांनी नक्की केलं. छापून आला, वर रेश्माचं नाव आलं, की आख्ख्या शेवगावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण जेवताना रेश्माताई गोष्ट न वाचता नुसत्याच बसून राहिल्या.

"आज गोष्ट नाही?" सरांनी विचारलं.

"मन लागत नाही. गाइडबाईंचा फोन आला होता. ह्या महिनाअखेर एक पेपर स्वीकारल्याचं पत्र दिलं नाही, तर प्रबंध घेणार नाहीत. मुदतवाढ दोनदा झालीय, आता नोंदणीच रद्द होईल. इतक्या वर्षांचं काम पाण्यात जायचं हो."

नाकारलं तर बायकोचा प्रबंध बुडतो, स्वीकारलं तर आपली अब्रू. विचार करकरून सरांनी मधला मार्ग काढला. पेपर नाकारायचा नाही, दुरुस्त्या सुचवायच्या. आणि एकदा दुरुस्त्या सुचवायला बसल्यावर त्यांच्या अंगात जे वारं शिरलं, ते काही केल्या निघेना.

आठ-दहा दिवसांनी रेश्माताईंनी परीक्षकांचं पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं. "बघा हो, पहिले परीक्षक काय म्हणतात. 'सहभागीचे व्यक्तिमत्त्व एकांगी रंगवले आहे. त्याच्या ठायी विनोदबुद्धी, औदार्य आणि देखणेपण असण्याची दाट शक्यता आहे. ती नोंदवावी.'"

"मुद्देसूद लिहिलंय," सर छताकडं बघत म्हणाले.

"पुढं ऐका. 'भावनिक पोषणाचा विचार झालेला नाही. सहभागीस आठवड्यातून दोनदा मासवडी देऊन त्याचा स्वभावावर होणारा परिणाम तपासावा.' मासवडीच का म्हणे?"

"संशोधन आहे ते. मोठी माणसं काहीतरी विचार करूनच लिहितात."

"'तसेच सहभागीच्या सासूचा दीर्घ मुक्काम हा निष्कर्षांत अडथळा ठरू शकतो. तो टाळावा.'" रेश्माताईंनी पत्राची घडी घातली. "करते बाई. परीक्षक म्हणतील ते करावंच लागतं."

आणि खरोखर केलं हो त्यांनी! बेसनाच्या पातळ थरात तीळ-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. मासवडीचा घाट म्हणजे अर्धा दिवस जातो. सरांनी बोटं चाटली. सासूबाईंचं येणं लांबलं. सर मनात म्हणाले, 'उगाच हयातभर नवरेपणानं मागत बसलो. परीक्षकपणानं मागायला पाहिजे होतं.'

पण पत्राला दुसरं पानही होतं.

"दुसरे परीक्षक मात्र कडक आहेत," तिसऱ्या मासवडीनंतर रेश्माताई म्हणाल्या. "ते लिहितात, 'नुसत्या गोष्टींनी असला माणूस सुधारत नाही. सहभागीकडून दोन्ही वेळची भांडी घासून घ्यावीत आणि त्याची प्रगती नोंदवावी.'"

"मग घे ना घासून त्याच्याकडून," सर बेसावधपणे बोलून गेले.

"त्यालाच सांगतेय," असं म्हणून रेश्माताईंनी घासणी पुढं केली. "म्हणजे, कसं होतंय ते मला आधी कुणावर तरी करून बघायचंय. तुम्ही घरातलेच, म्हणून म्हटलं."

नाही कसं म्हणणार? का नाही, ते सांगावं लागलं असतं. मासवडीचा रस्सा जितका झणझणीत, तितकी त्याची कढई चिवट, हे सरांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सर तातडीनं प्राचार्यांकडं.

"सर, त्या सहभागीला जरा सौम्य नाही का घेता येणार? भांडी म्हणजे फारच झालं. त्यालाही मन असेल."

प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला त्याचा एवढा कळवळा कधीपासनं आला? परवा तर झाडू देणार होता."

"नाही, मी आपलं... माणुसकी म्हणून."

"माणुसकीचं काही सांगू नका. असल्या माणसांना मी आतून-बाहेरून ओळखतो. आता तर मी फरशीपण वाढवणार आहे."

आणि वाढवली! मग सरांनी दुसऱ्या फेरीत लिहिलं, 'फरशी पुसल्याने सहभागीची कंबर धरण्याचा संभव आहे.' तिकडून उत्तर आलं, 'कंबर धरली तर सहभागी एका जागी बसून गोष्टी नीट ऐकेल.' एक परीक्षक मासवडी वाढवतोय, दुसरा फरशी. रेश्माताई शाळेतून यायच्या, सारण भाजायच्या, सहभागीची नोंद करायच्या आणि पुन्हा पेपर लिहायला बसायच्या. त्यात स्टेलाबाईंनी स्वतःची एक पाचर मारली. सहभागी एकच आहे, निदान दोन तरी हवेत.

महिना सरत आला. एका संध्याकाळी सर घरी आले, तर स्वयंपाकघरात सामसूम. रेश्माताई संदर्भाची पुस्तकं पोत्यात भरत होत्या.

"हे काय चाललंय?"

"सोडून देतेय. एकाचं केलं तर दुसऱ्याला पटत नाही. परवा महिना संपतो. आणि दुसरा सहभागी कुठून आणू? कुठली बाई आपला नवरा देईल असा कागदावर?" त्या हसायला गेल्या आणि हुंदका आला. "लग्नाआधीपासून मनात होतं हो, नावामागं डॉक्टर लावायचं. जाऊ द्या."

मरकड सर पाटावर बसले. बायको रडताना त्यांनी पाहिली नव्हती असं नाही, पण आपण रडवलंय हे माहीत असताना पाहायची ही पहिलीच वेळ. चार मासवड्यांसाठी आपण हिच्या आयुष्यातली एकुलती हौस मोडायला निघालो! त्यांना स्वतःची लाज वाटली. पोत्यातली पुस्तकं त्यांनी एकेक करून बाहेर काढली आणि पुन्हा फळीवर लावली. उलटी लावली, पण लावली.

"एवढ्यात सोडू नकोस," ते म्हणाले. "उद्याचा दिवस थांब."

सकाळी कॉलेज भरायच्या आधी ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तो पेपर पास करा. माझी हात जोडून विनंती आहे. लिहिणारी माझी बायको आहे."

"आणि तुम्हाला हो कसं कळलं? गुप्त असतं ना?"

सरांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच सरळ केला. "कारण तो सहभागी मी आहे."

प्राचार्य खुर्चीतून सावकाश उठले.

"म्हैससुद्धा?"

"म्हैससुद्धा, सर."

प्राचार्यांनी दार लावून घेतलं. परत येऊन ते खुर्चीत न बसता सरांच्या शेजारच्या बाकड्यावर बसले. त्यांचा तो दरारा कुठल्या कुठं गेला होता.

"मरकड, तुम्ही मला मारलंत हो! तांब्या, मोबाईल, मीठ... म्हैस सोडली, तर अक्षर न् अक्षर मीच की तो! मला वाटलं, आमच्या कुसुमनंच लिहिलंय. संशय नको यायला म्हणून मी कडक लिहीत गेलो. पण मनात भीती. उद्या छापून आलं, तर निदान 'सहभागी सुधारला' असं तरी येऊ दे, म्हणून मी घरी..." त्यांनी आवाज उतरवला. "मी घरी रोज भांडी घासतोय. दोन्ही वेळची."

"आणि फरशी?"

"कालपासनं."

"मग आता बंद करा की, सर."

"कशी बंद करू? कुसुमनं भांडीवाली काढून टाकली!"

दोघांनी मुकाट्यानं लॅपटॉप उघडला. स्टेलाबाईंनी सुधारलेला पेपर सकाळीच पाठवला होता. सरांचा ऊर भरून आला होता, त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. 'अत्युत्कृष्ट. जसाच्या तसा छापावा,' एवढं लिहून बटण दाबलं. प्राचार्यांनी खाली 'सहमत' म्हटलं. महिना संपायच्या आत रेश्माताईंच्या हातात पत्र पडलं. त्या दिवशी घरात जो आनंद झाला, तो काय सांगावा! सासूबाईंना घोडेगावहून बोलावून घेतलं, आणि ह्या खेपेला सरांनीच आग्रह करून त्यांचा मुक्काम वाढवला.

पुढं अंक छापून आला. रेश्माताईंनी पहिली प्रत नवऱ्याच्या हातात ठेवली. सरांनी मोठ्या मनानं म्हशीचा परिच्छेद शोधला. तो जागच्या जागी होता. त्यांनी तो हसत हसत सोसला, पान उलटलं, आणि डोळे बारीक केले.

'दीर्घकाळ गोष्टी वाचून दाखवूनही सहभागी क्रमांक एकमध्ये नगण्य फरक पडला. मात्र स्वतःविषयीचा हाच निबंध त्याच्याकडे योगायोगाने परीक्षणासाठी गेल्यावर त्याची वागणूक झपाट्याने बदलली. प्रथम त्याने परीक्षकपदाचा उपयोग मासवडी मिळवण्यासाठी केला (परिशिष्टात मागण्या शब्दशः दिल्या आहेत). नंतर त्याला पश्चात्ताप झाला. पुस्तके फळीवर लावून दिली. उलटी.'

"रेश्मा! हे कधी घातलंस?"

"शेवटच्या दुरुस्तीत. तुम्ही पुस्तकं लावलीत, त्याच रात्री बसून. दुसरा सहभागीपण तेव्हाच फोनवर मिळाला ना, आमच्या भिशीतल्या मैत्रिणीचा नवरा. तिनं स्वतःहून परवानगी दिली. पण तुम्ही एवढे दचकलात का? परीक्षकांनी वाचूनच पास केलं असेल की."

सरांनी पुढचं पान उलटलं आणि तडक प्राचार्यांना फोन लावला.

"सर, अंक आला का तुमच्याकडं? पान एकतीस उघडा."

"थांबा, हात ओले आहेत." नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग कागद चाळल्याचा. मग प्राचार्य एकेक शब्द वाचू लागले, "'सहभागी क्रमांक दोन हा एका शिक्षणसंस्थेचा प्रमुख आहे. त्यास एकही गोष्ट वाचून दाखवलेली नसताना तो एके दिवशी आपणहून भांडी घासू लागला. कारण अज्ञात.'"

पलीकडं अंक ओट्यावर आपटल्याचा आवाज आला.

"मरकड, हे छापायला परवानगी दिलीच कुणी? मी सोडणार नाही! तक्रार करणार! कुणाकडं करायची असते हो ह्याची तक्रार?"

मरकड सरांनी अंक मिटला.

"परीक्षकांकडं, सर."